करंजीत काय भराल? जबलपुरात नव्यानं आलेल्या घरांसाठी

रेल्वेत, शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांत, लष्करात किंवा उच्च न्यायालयाच्या कामानिमित्त दरवर्षी काही मराठी कुटुंबं जबलपुरात येतात. सामान लावून होतं न होतं तोच एखादा सण दारात उभा राहतो आणि प्रश्न सुरू होतात. इथे चांगला ओला नारळ कुठे मिळतो? मोदकाची पिठी कोण दळून देतं? आणि शाळेतून येताना खव्याच्या जिलबीसाठी हट्ट धरणाऱ्या पोरांना घरचं काय करून घालायचं, की ते आवडीनं खातील आणि पोटालाही बरं असेल? नेपियर टाऊन, राइट टाऊन, गोलबाजार, रांझी या भागांत वर्षानुवर्षं राहणाऱ्या घरांना हेच विचारलं. त्यांच्याकडून जे कळलं ते इथे एकत्र केलं आहे.

आधी एक दिलासा. हे गाव मराठी माणसाला परकं नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. १८१७ साली इंग्रज आले. पुढे १८६१पासून १९५६पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत विदर्भाची चव आणि महाकोशलचा बाजार यांची सांगड कधीच बसली आहे. तुम्हाला ती नव्यानं शोधायची गरज नाही, फक्त विचारायची आहे.

सगळ्यांच्या सांगण्यातला समान धागा असा: करंजी, मोदक, पोळी तेच ठेवा, आत काय भरायचं ते इथल्या मातीला आणि ऋतूला विचारून ठरवा. पुण्याहून नारळाची पोती आणून मुंबईसारखंच सारण करायला गेलात तर पैसे जातात आणि खोबरंही शिळं निघतं. मुलांच्या तब्येतीचा विचार केला तर इथला बाजार तुमच्या बाजूचा आहे.

हिवाळ्यात तर फारच. जबलपूर जिल्हा मटारासाठी ओळखला जातो. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ या योजनेत जबलपूरच्या नावापुढे मटारच आहे. पाटण, शहपुरा, पनागर या भागांत शेतंच्या शेतं मटाराची असतात आणि इथून ट्रक भरभरून दूरच्या शहरांना जातात. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १९६४ साली इथे स्थापन झालं आणि ‘जवाहर मटर’ नावाची वाणं याच विद्यापीठातली. नोव्हेंबरअखेर शेंगा यायला लागतात, डिसेंबर-जानेवारीत भाव उतरतो. नाताळची सुट्टी, संक्रांत, नर्मदा जयंती हे सगळं नेमकं याच दिवसांत येतं. म्हणून जुन्या घरांत हिवाळ्याच्या सुट्टीचं पक्वान्न ठरलेलं आहे: मटार करंजी.

मुलांना ती आवडते याला कारण आहे. मटार वेलीवरून तोडला की त्यातली साखर हळूहळू पिठूळ होत जाते. मुंबईच्या बाजारात पोचेपर्यंत त्याची निम्मी गोडी संपलेली असते. इथे सकाळी तोडलेली शेंग संध्याकाळी तुमच्या पातेल्यात असू शकते. कोवळे दाणे कच्चेच तोंडात टाकावेत असे लागतात. शंभर ग्रॅम ताज्या दाण्यांत पाच ते सात ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तितकाच चोथा असतो. एरवी भाजीचं नाव काढलं की तोंड फिरवणारी मुलं या सारणाला नाही म्हणत नाहीत.

सारण असं करतात. सोललेले दाणे दोन वाट्या घ्या. मिक्सरमध्ये थांबत थांबत दोन-तीनदाच फिरवा. दाणा फुटावा, लगदा होऊ नये. कढईत दोन चमचे तेलावर जिरं, हिंग, किसलेलं आलं आणि मुलांच्या मानानं एखादीच मिरची घाला. त्यावर भरडलेले दाणे टाकून झाकण ठेवा. पाच-सहा मिनिटांत वाफ आली की झाकण काढा आणि ओलावा पूर्ण जाईपर्यंत परता. सगळं यश या परतण्यात आहे. सारण ओलं राहिलं की पारी मऊ पडते आणि तळताना करंजी उकलते. ओलं खोबरं अर्धी वाटी मिळालं तर घाला. नाही मिळालं तर तीन-चार चमचे भाजलेल्या तिळाचा जाडसर कूट घाला, इथे चांगले तीळ सहज मिळतात. कूट उरलेला ओलावाही शोषून घेतो. शेवटी कोथिंबीर, मीठ आणि लिंबू. साखर चिमूटभर पुरते, कोवळ्या दाण्यांना तीही लागत नाही. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका.

पारीसाठी एक वाटी कणीक, अर्धी वाटी बारीक रवा आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. मैदा लागत नाही. पीठ घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. पुरी लहान लाटा, मुलाच्या तळहाताएवढी. वीसएक करंज्या होतात. कडेला दुधाचं बोट फिरवून दाबा आणि कातण फिरवा. मुरड घालता येत असेल तर उत्तमच. अंगठ्यानं कड दाबत, दुमडत, पुन्हा दाबत जाणारी ती बारीक वेणी पाहायला मुलं जवळ येऊन बसतात आणि बसली की हातही लावतात.

तळायचं की नाही, यावर घरांघरांत मतभेद आहेत. आमचं मत स्पष्ट आहे: सणाच्या दिवशी तळा, पण तेल नीट तापलेलं असू द्या आणि घाणा लहान ठेवा. कोमट तेलात करंजी तेल पिते, मग सारण कितीही चांगलं असलं तरी काय उपयोग? सुट्टीच्या बाकी दिवसांत आप्पेपात्र काढा. याच पारीत सारण भरून गोळे करा, प्रत्येक खळग्यात पाव चमचा तेल टाका आणि मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी खरपूस करा. ज्यांच्याकडे ओव्हन आहे ते वरून तेलाचा हात फिरवून १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं भाजतात. ही करंजी तळलेल्या करंजीसारखी खुसखुशीत होत नाही, हे मुलांना आधीच सांगावं. भाजलेली म्हणून वेगळी चव आहे असं सांगून दिली की ती मुकाट्यानं खातात. तळलेली म्हणून दिली तर लगेच पकडतात.

तसंच, करंजीत भाजी लपवून देऊ नका. राइट टाऊनमधल्या एका काकूंनी हे फार ठासून सांगितलं आणि ते पटण्यासारखं आहे. मूल फसवलं गेलं की पुढच्या वेळी करंजी फोडून आत बघतं. उलट मटार सोलण्यापासून त्याला सोबत घ्या. इथे थंडीत गच्चीवर, अंगणात उन्हाला बसून मटार सोलणं हे अख्ख्या घराचं काम असतं. तीन-चार वर्षांचं मूलही शेंग फोडू शकतं. मात्र या वयात अख्खे दाणे तोंडात कोंबून ठसका लागू शकतो, तेव्हा लक्ष असू द्या. सहा-सात वर्षांचं मूल सारण भरून काट्यानं कड दाबू शकतं. स्वतः भरलेली करंजी टाकून देणारं मूल आमच्या ऐकण्यात नाही.

भाव उतरलेला असताना दोन-तीन किलो मटार जास्त घ्या. दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, कापडावर कोरडे करा आणि पिशव्या भरून फ्रीजरमध्ये ठेवा. होळीपर्यंत सहज टिकतात.

होळीचा विषय निघाला की गुझिया, म्हणजे इकडची करंजी, आली. शेजारच्या भाभीजी ताट भरून पाठवतील, तुम्हालाही परत पाठवावं लागेल. खवा, साखर आणि चारोळी हे तिचं सारण. सणाच्या तोंडावर बाजारात भेसळीचा खवा येतो, म्हणून तो घरीच आटवा. घरी एक लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण पाव किलो खवा निघतो आणि मुलांच्या वाट्याच्या करंज्यांना तेवढा पुरतो.

गोड सारणाच्या बाबतीत एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. मोठ्या करंजीत साधारण २० ग्रॅम सारण मावतं. त्यात निम्मी पिठीसाखर असेल तर एका करंजीत १० ग्रॅम साखर झाली. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१६ साली सांगितलेली मर्यादा अशी की २ ते १८ वर्षांच्या मुलांनी दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सहाएक चमच्यांपेक्षा, वरून घातलेली साखर खाऊ नये आणि दोन वर्षांखालच्या बाळाला ती मुळीच देऊ नये. तीन करंज्या खाल्ल्या की दिवसाची मर्यादा ओलांडली. दुधातली, बिस्किटातली साखर अजून मोजलेलीच नाही.

गुळानं हा हिशेब फारसा बदलत नाही. शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यातला करेलीचा गूळ इथे सगळीकडे मिळतो. तो चवीला, वासाला सुरेख आहे आणि जरूर वापरावा, पण ‘गुळाचं आहे, कितीही खा’ असं मुलांना सांगू नका. शरीराच्या दृष्टीनं गूळही साखरच. त्याचा खरा फायदा वेगळा आहे: वास जोरकस असल्यामुळे कमी घातला तरी पदार्थ गोड वाटतो.

रांझीतल्या एका घरात पिठीसाखर पूर्ण बंद करून असं सारण करतात. फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ एक वाटी, भाजून चुरलेलं सुकं खोबरं एक वाटी, भाजलेले तीळ अर्धी वाटी, बिया काढून बारीक चिरलेला खजूर अर्धी वाटी, कोरडा किसलेला गूळ पाव वाटी, दोन चमचे चारोळी, वेलची. चारोळी इथे मंडला, छिंदवाड्याकडच्या जंगलांतून येते आणि महाराष्ट्रातल्यापेक्षा ताजी मिळते. गूळ कोरडाच घ्या, नाहीतर तो तळणीत पाघळतो आणि करंजी फुटते. ही करंजी आठवडाभरात संपवा, साखरेच्या करंजीइतकी ती टिकत नाही. पहिल्याच वर्षी एवढा बदल घरात चालणार नसेल तर नेहमीच्या सारणातली साखर फक्त चौथ्या हिश्शानं कमी करा. मुलांच्या लक्षातही येत नाही. पुढच्या सणाला आणखी थोडी. पुरणालाही हाच नियम लावा: डाळीच्या बरोबरीनं गूळ घालत असाल तर पाऊण भागावर या.

सारणात रव्याऐवजी भाजून दळलेली कुटकी घालणारी घरंही आहेत. कुटकी आपल्या वरईसारखीच असते आणि डिंडोरी-मंडल्याकडून येते. कोदो हे भरडधान्यही तिकडचंच, पण ओली राहून बुरशी लागलेली कोदो विषारी ठरते, म्हणून खात्रीच्या दुकानातली, खडखडीत वाळलेलीच घ्या. नव्या माणसानं कुटकीपासून सुरुवात करावी.

गणपतीत मटार नसतो, तेव्हा मोदकाचं काय? बालाघाटच्या चिन्नौर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तो सुवासिक आणि मऊ शिजणारा आहे. धुऊन, सावलीत वाळवून दळून घेतला की उकड छान होते, आंबेमोहोरासाठी अडून बसावं लागत नाही. आत खोबऱ्याच्या बरोबरीनं उकडून कुस्करलेलं रताळं घाला. रताळं स्वतःच गोड असल्यामुळे गूळ निम्म्यावर येतो. मात्र मिश्रण कढईत कोरडं करून घ्या.

शेवटची सूचना सुरक्षिततेची. तीळ, शेंगदाणे, काजू यांची काही मुलांना ॲलर्जी असते. शेजारच्या मुलाच्या हातात करंजी देण्याआधी त्याच्या आईला एकदा विचारा. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सुकामेवा अख्खा न घालता कूट करून घाला. मध घालून सारण करत असाल तर वर्षाच्या आतल्या बाळाला ते चाटवूही नका.

तुमच्या गावाकडची सारणं आम्हाला हवी आहेत. बेळगावची, खानदेशाची, कोकणातली, घाटावरची, जी तुमच्या घरातली मुलं आवडीनं खातात ती. मापं वाटी-चमच्यांत लिहा, कोणत्या ऋतूत करता तेही लिहा आणि भेटलात की द्या. पुढच्या वर्षी बदली होऊन येणाऱ्या घरांना त्यांचा उपयोग होईल.