खरेदीचे पथ्य

सकाळी आठच्या सुमारास विजय नगरमधील आमच्या गल्लीत महापालिकेची कचरागाडी येते. तिचे गाणे ऐकू आले की घराघरांतून डबे बाहेर पडतात. ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक असे कचऱ्याचे सहा प्रकार वेगळे ठेवणे आपणा इंदूरकरांच्या आता अंगवळणी पडले आहे. २०१७ पासून २०२३ पर्यंतच्या सलग सात स्वच्छता सर्वेक्षणांत आपले शहर देशात पहिले आले. सातव्या वेळी हा मान सुरतेसह वाटून मिळाला. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी देवगुराडियाच्या कचरा-मैदानावर रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करणारा प्रकल्प सुरू झाला.

या यशाला जुनी पूर्वपीठिकाही आहे. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला वनस्पती-संशोधनाची संस्था उभारली. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची त्यांची रीत ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. १९३१ साली याविषयी जो ग्रंथ निघाला, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचेही नाव आहे. कचऱ्याचे सोने कसे करावे, हे या गावाने दोनदा शिकवले असे म्हटले तर वावगे ठरू नये.

मात्र रोज गाडीत डबा रिकामा करताना एक विचार मनात येतो. कचरा वेगळा करायला आपण शिकलो. तो कमी करायला शिकलो का? आपल्या डॉक्टर मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याचा आग्रह झाला, तेव्हा हाच विषय घ्यावा असे ठरवले. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला ज्या घराची चांगली ओळख आहे, त्या घरापुरतेच लिहिते. ते घर म्हणजे पहिल्या वर्षाच्या बाळाचे. एरवी काटकसरीने चालणारे कुटुंबही त्या एका वर्षात हात सैल सोडून खरेदी करते, आणि त्यातील बराच भाग दोन वर्षांच्या आत त्या गाडीत जातो.

माझ्याच हस्ताक्षरातील चिठ्ठी

हा विषय मला पुस्तकाने शिकवलेला नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात, निमाडातून कामासाठी इंदूरला आलेले एक जोडपे पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. जुलाबाने मुलगी सुकून गेली होती. जन्माच्या वेळी तिचे वजन पावणेतीन किलो होते. पाचव्या महिन्यात बाळाचे वजन जन्मवजनाच्या दुप्पट व्हावे, हे आपण सारे जाणतो. ती भरली चार किलो दोनशे ग्रॅम.

मी आहाराविषयी विचारले. आईने पिशवीतून बाटली काढली. तिच्यातील दूध इतके पातळ होते की पलीकडचे दिसावे. चार दिवस पुरणारा पावडरीचा डबा हे कुटुंब दहा दिवस पुरवीत होते. वडील एका दुकानात हमालीचे काम करत. महिन्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा त्या डब्यांवर जात होता. मी जरा कठोरपणे विचारले, “हे कोणी सांगितले तुम्हाला?” त्या गृहस्थांनी काहीही न बोलता खिशातून चौघडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. अक्षर माझेच होते. चार महिन्यांपूर्वी, दूध पुरत नाही अशी तक्रार घेऊन ती माता आली असताना, बाहेर बसलेल्या गर्दीच्या दडपणाखाली मी डब्याचे नाव लिहून दिले होते.

तिच्याजवळ दहा मिनिटे बसणे, बाळाला छातीशी धरण्याची तिची पद्धत पाहणे, चोवीस तासांत किती वेळा लघवी होते ते विचारणे आणि वजन तपासून तिला धीर देणे, एवढेच त्या दिवशी पुरेसे होते. माझी दहा मिनिटे वाचली. त्यांची किंमत त्या कुटुंबाने चार महिने भरली. मुलगी सुदैवाने वाचली. रुग्णालयातील परिचारिकेने चिकाटीने तीन आठवडे प्रयत्न केले आणि आईला पुन्हा बरेचसे दूध येऊ लागले. तो कागद मी मागून घेतला. तो आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

घेण्याची गरज नसलेली एक वस्तू घरात आली की काय होते, हे मला तेव्हा कळले. तिच्यामागून बाटली येते, बाटलीमागून बुचे, ती उकळण्यासाठी इंधन, मग जुलाब, मग औषधे. आईचे दूध तयार होण्यासाठी ना कारखाना लागतो, ना डबा, ना वाहतूक. आणि त्याचा कचराही होत नाही. भारतात १९९२ साली शिशु-दुग्धपर्यायांविषयी कायदा झाला, २००३ साली तो अधिक कडक झाला. दोन वर्षांखालील बाळांची पावडर, बाटल्या आणि डबाबंद अन्न यांची जाहिरात करणे, मातांना नमुने वा भेटी देणे त्याने निषिद्ध ठरवले. हा कायदा आपणा डॉक्टरांनाही बांधतो, याचे स्मरण असावे. आईचे दूध देणे खरोखर अशक्य असते अशी बाळे थोडी असतात. त्यांच्यासाठी पावडर हे औषध आहे, आणि ते औषधासारखेच मोजूनमापून, योग्य दाटपणाने द्यावे.

पहिल्या वर्षाची यादी

बाळाच्या आगमनापूर्वी आई-वडील मला यादी दाखवतात. मी तिचे तीन भाग करते.

पहिला भाग, मुळीच न घेण्याच्या वस्तू. बाटल्या व त्यांची निर्जंतुक करण्याची यंत्रे यांत आली. चाके लावलेला पांगुळगाडा आला; त्याने मूल लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून वा स्वयंपाकघरात अपघात होतात. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. अंगाला लावायची पावडर बाळाच्या श्वासातून फुप्फुसांत जाऊ शकते, म्हणून तीही नको. सहा महिन्यांनंतर डबाबंद खाद्यांऐवजी मऊ वरणभात व तूप, मुगाची खिचडी, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, आपल्या माळव्यातला दलिया द्यावा. पुढे मूल मोठे झाल्यावर येतात दुधात मिसळायच्या गोड पुडी. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास सांगितले. डब्यावरचे नाव आणि आतला माल यांत किती अंतर असते, हे त्यावरून ध्यानात यावे.

दुसरा भाग, हव्या असलेल्या पण विकत न घेण्याच्या वस्तू. पाळणा, झबली, दुपटी, स्वेटर, मच्छरदाणी, तीनचाकी सायकल, चित्रांची पुस्तके. यांचा उपयोग काही महिने वा फार तर दोन-तीन वर्षे असतो आणि नंतरही त्या सुस्थितीत राहतात. खेळण्यांचेही तेच. नऊ महिन्यांच्या मुलाला वाटी-चमचा, झाकणाचा डबा आणि समोर बसून बोलणारे माणूस एवढे पुरते.

तिसरा भाग, जेथे काटकसर करूच नये. लसी, ताप मोजण्याचे साधन, जंतसंसर्ग टाळणारा साबण, क्षारसंजीवनीची पाकिटे यांवरचा खर्च वाचवू नये. मोटारीतील बाळाची आसनव्यवस्था दुसऱ्याची घ्यायची असल्यास ती अपघातात सापडलेली नाही, तिचे पट्टे शाबूत आहेत, एवढी खात्री करावी. खात्री नसेल तर नवी घ्यावी. काटकसर आणि कंजूषपणा यांतील सीमारेषा नेमकी येथे आहे. काटकसरीने मुलाचे काही कमी होत नाही, कंजूषपणाने होते.

लंगोटाचे गणित

या विषयावर दोन्ही बाजूंनी भावनेच्या भरात बोलले जाते; म्हणून थोडे गणित करू. दिवसाला सहा डायपर धरले तरी दोन वर्षांत ४,३८० होतात. त्यांतील प्लॅस्टिक आणि पाणी शोषणारी रसायने कुजत नाहीत, खतात जात नाहीत. आपल्या गाडीत त्यांचा डबा वेगळा आहे याचा अर्थ ते नाहीसे होतात असा नव्हे.

मग कापडी लंगोट निर्दोष आहेत का? तसेही नाही. ते धुवायला पाणी लागते, आणि इंदूरचे पाणी फुकटचे नाही. १९७८ पासून नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून, विंध्याचा चढ विजेच्या पंपांनी चढवून आपल्या नळांत येते. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ साली दोन्हींची तुलना केली, तेव्हा सरासरी वापरात दोघांचा हवामानावरील भार जवळजवळ सारखाच निघाला. परंतु कापडी लंगोट यंत्र पूर्ण भरूनच धुतले, उन्हात वाळवले आणि दुसऱ्या अपत्यासाठीही वापरले, तर तो भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो असे त्यात आढळले.

ऊन आपल्याकडे वर्षाचे आठ महिने मुबलक आहे. म्हणून माझा सल्ला मध्यममार्गाचा असतो. दिवसा घरात कापडी लंगोट, प्रवासात व रात्री गरज असल्यास डायपर. नोकरीवर परतलेल्या मातेच्या मनात याबद्दल अपराधभाव निर्माण करू नये. सहाऐवजी दोनच डायपर लागले तरी दोन वर्षांत जवळजवळ तीन हजार वाचतात. 

आजीची पेटी

आपल्याकडे बाळाला जन्मतःच कोरे कपडे घालत नसत. आजीच्या वापरून मऊ झालेल्या सुती लुगड्याची दुपटी आणि झबली शिवत. उरलेल्या तुकड्यांची गोधडी होई. लहानपणी मला हे दारिद्र्याचे लक्षण वाटे. बालरोगशास्त्र शिकल्यावर त्यातले शहाणपण उमगले. अनेकदा धुतलेल्या कापडातील खळ व रंग निघून गेलेले असतात, आणि नवजात त्वचेला त्याहून सौम्य दुसरे काही नसते. बाळंतविड्यातील कुंची एका घरातून दुसऱ्या घरात फिरे. ती किती बाळांच्या डोक्यावरून गेली, हे अभिमानाने सांगितले जाई.

माझ्या मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी आमच्या इमारतीत आम्ही हीच प्रथा नव्याने सुरू केली. एका पत्र्याच्या पेटीत स्वच्छ धुतलेले, उन्हात वाळवलेले कपडे, पाळण्याची दोरी, पुस्तके आणि एक वही. ज्या घरी बाळ येईल तेथे पेटी जाते. मूल मोठे झाले की वहीत नोंद करून पुढे जाते. पहिल्या वर्षी दोन सुनांनी ती नम्रपणे नाकारली. “लोक काय म्हणतील, घरात पहिलंच बाळ आहे,” असे त्यांतली एक म्हणाली. तिचे चुकले नव्हते. नवे घेणे म्हणजेच प्रेम, असे आपणच या पिढीला शिकवले आहे. मी आग्रह केला नाही. आज पेटी सातव्या घरात आहे, आणि नकार देणाऱ्या त्या सुनेने स्वतःच्या बाळाचे स्वेटर तीत घातले आहेत.

वैद्यबंधूंना विनंती

शेवटी थोडे आपल्याविषयी. साध्या सर्दी-खोकल्याला चार बाटल्या लिहून दिल्या जातात. त्यांतील तीन अर्ध्या राहतात आणि कपाटात कालबाह्य होतात. विषाणूजन्य तापाला प्रतिजैविक लिहिणे ही तर अशी खरेदी आहे की जिचे बिल पुढच्या रुग्णाला येते. दवाखान्याच्या भिंतीवर कंपन्यांची भित्तिपत्रके असतील तर आपण न बोलताही काहीतरी विकतच असतो. मी ती काढली, तेव्हा भिंत काही दिवस ओकीबोकी दिसली; आता तेथे मुलांनी काढलेली चित्रे आहेत. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमातही कागदी पेले आणि परिषदेच्या पिशव्या यांना रजा देता येईल. इंदूर महापालिकेने समारंभांसाठी भांड्यांची बँक चालवली आहे. तिचा लाभ आपण का घेऊ नये?

हल्ली नवजात बाळाच्या पहिल्या भेटीत मी चिठ्ठीवर दोन रकाने आखते. डावीकडे ‘घ्या’, उजवीकडे ‘घेऊ नका’. डावीकडे सहसा तीन-चार ओळी असतात. उजवा रकाना लांबतो, आणि तो समजावून सांगायला मला दहा मिनिटे लागतात. बाहेर गर्दी आजही असते. घाई करावीशी वाटली की मी टेबलाचा खण उघडते.