‘अबेयन्स’ : अर्थ आणि उपयोग
(शिक्षकांच्या स्वाध्यायासाठी)

समजा, एका शिक्षकाच्या बदलीचा आदेश निघाला. आठ दिवसांनी दुसरे इंग्रजी पत्र आले. पूर्वीचा आदेश पुढील सूचना मिळेपर्यंत ‘इन अबेयन्स’ ठेवण्यात येत आहे, असे त्यात लिहिले होते. शिक्षकाने त्याचा अर्थ ‘रद्द’ असा घेतला, राहती खोली पुन्हा वर्षाच्या कराराने घेतली आणि मुलाचे नाव गावातल्याच शाळेत घातले. दोन महिन्यांनी जुनाच आदेश लागू झाला. तक्रारीला जागा नव्हती, कारण आदेश रद्द झालेलाच नव्हता. एका नामाचा अर्थ चुकल्याने घर व संसार कसा विस्कटतो, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल. म्हणून या शब्दाचा नीट परिचय करून घेणे इष्ट आहे.

१. व्युत्पत्ती

हा शब्द सोळाव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजी कायद्याच्या भाषेत आला. त्याच्या मुळाशी असलेल्या जुन्या फ्रेंच क्रियापदाचा अर्थ ‘तोंड उघडे ठेवणे’ असा आहे. त्यावरून ‘एखाद्या वस्तूकडे आशेने पाहत राहणे’ हा अर्थ निघाला. मराठीत आपण ‘आ वासून पाहणे’ म्हणतो, त्याच्याशी हे मूळ ताडून पाहण्यासारखे आहे. तेव्हा ‘अबेयन्स’मध्ये थांबणे जसे आहे, तसे वाट पाहणेही आहे. हे सूत्र हाती धरले म्हणजे पुढील सर्व अर्थ सुलभ होतात.

२. कायद्यातील मूळ अर्थ

हक्क अस्तित्वात आहे, पण तो धारण करणारी व्यक्ती तूर्त निश्चित नाही, अशा स्थितीला इंग्रजी कायद्यात ‘अबेयन्स’ म्हणत. धर्मगुरू मरण पावला आणि त्याच्या जागी दुसरा नेमला गेला नाही, तर चर्चच्या जमिनीची मालकी मधल्या काळात अबेयन्समध्ये आहे, असे मानीत.

सरदारकीच्या पदव्यांत हा शब्द विशेष रूढ झाला. इंग्लंडमधील काही जुन्या बॅरन पदव्या मुलगा नसल्यास मुलींकडे जात. परंतु मुलींमध्ये थोरली-धाकटी हा भेद कायदा मानीत नसे. सर्वांचा हक्क सारखा आणि पदवी तर एक. अशा वेळी ती कोणालाच मिळत नसे. एकच वारस उरेपर्यंत, किंवा राजसत्ता वारसांपैकी एकास ती देईपर्यंत, पदवी अबेयन्समध्ये राही. ‘ग्रे ऑफ कॉडनर’ ही पदवी १४९६ साली अशा स्थितीत गेली. तिचा धारक औरस संततीवाचून वारला होता आणि हक्क त्याच्या आत्यांच्या वंशांत विभागला गेला होता. १९८९ साली ती पुन्हा एका वारसास मिळाली. ४९३ वर्षे ती कोणाकडे नव्हती, तरी नष्टही झालेली नव्हती.

३. आजचा उपयोग

पुढे हा शब्द ठराव, नियम, प्रथा, करार यांनाही लावला जाऊ लागला. पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारत सरकारने १९६० चा सिंधू जलकरार ‘अबेयन्स’मध्ये ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. ‘करार मोडला’ किंवा ‘रद्द केला’ असे त्या निवेदनात म्हटले नव्हते. पाकिस्तान सीमापार दहशतवादाला असलेला पाठिंबा विश्वसनीय रीतीने व कायमचा सोडीपर्यंत, अशी मुदतही त्याच वाक्यात घातली होती. शब्दाच्या मुळातील वाट पाहण्याचा भाव येथे स्पष्ट दिसतो.

४. वाक्यरचना

(अ) हे भाववाचक नाम असून सामान्यतः एकवचनीच वापरतात. त्यापूर्वी ‘ॲन’ हे उपपद घालीत नाहीत.

(आ) ‘होल्ड इन अबेयन्स’ म्हणजे जाणूनबुजून स्थगित ठेवणे. येथे ठेवणारा अधिकारी असतो.

(इ) ‘फॉल इन्टु अबेयन्स’ म्हणजे हळूहळू प्रचारातून जाणे. येथे कोणी आदेश दिलेला नसतो. आपल्याकडील ‘भिजत घोंगडे’ पडते, तसे काहीसे हे होते.

(ई) उच्चारात आघात ‘बे’ या अवयवावर येतो.

५. जवळच्या शब्दांतील भेद

‘कॅन्सल’ म्हणजे रद्द करणे. तेथे गोष्ट संपते. ‘पोस्टपोन’ म्हणजे पुढे ढकलणे. पुष्कळदा नवी तारीखही दिलेली असते. ‘अॅडजर्न’ म्हणजे चालू सभा किंवा सुनावणी तहकूब करणे. ‘अबेयन्स’मध्ये गोष्ट जिवंत असते, पण तिचा अंमल थांबलेला असतो आणि बहुधा तारीख सांगितलेली नसते. शिंक्यावर ठेवलेले दही फेकलेले नसते आणि पानातही वाढलेले नसते. मराठीत ‘स्थगित ठेवणे’ हा प्रयोग यास सर्वांत जवळचा आहे.

म्हणून असे पत्र हाती आल्यावर शिक्षकाने तीन गोष्टी पाहाव्यात : काय स्थगित आहे, कोणी स्थगित केले, आणि कशाची वाट पाहिली जात आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पत्रात नसेल, तर ते कार्यालयास लेखी विचारावे. मूळ आदेश फाडू नये. दोन्ही कागद एकत्र जपून ठेवावेत.

स्वाध्याय

पुढील वाक्यांत ‘अबेयन्स’ योग्य ठरेल की नाही, ते सकारण सांगा.

१. पावसामुळे शनिवारची सहल पुढील शनिवारी नेण्याचे ठरले.
२. चौकशीचा अहवाल येईपर्यंत नव्या वेळापत्रकाचा अंमल थांबविण्यात आला.
३. इमारत पाडल्यामुळे तिच्या दुरुस्तीचा ठराव कायमचा मागे घेण्यात आला.

(उत्तर : केवळ दुसऱ्या वाक्यात योग्य. पहिल्यात नवी तारीख ठरली आहे. तिसऱ्यात वाट पाहण्यासारखे काही उरलेले नाही.)