चर्चच्या शाळेत प्रार्थना सक्तीची असते का?

वसईतील एक पालक विचारतात : आम्ही ख्रिस्ती नाही. मुलीला चर्चच्या अनुदानित मराठी प्राथमिक शाळेत घातले, तर बायबल शिकावेच लागेल का?

नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलांना धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही. वर्गात पुस्तके बालभारतीचीच.

 

वसईत घरी कादोडी बोली बोलणारी कुपारी ख्रिस्ती समाजाची मुलेही वर्गात प्रमाण मराठी शिकतात. त्यांच्या सहवासात मुलीला शेजारच्या घरची बोली आणि नाताळ दोन्ही कळतील. ही संधी मोलाची आहे. प्रार्थनेबाबतची इच्छा मात्र पालकांनी प्रवेशाच्या वेळीच मुख्याध्यापकांना लेखी कळवावी.