नास्तिक आणि अज्ञेयवादी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मुलगा गेल्यापासून माझे थोरले बंधू गुरुचरित्राच्या पारायणाला बसत नाहीत. मी त्यांना कित्येक वर्षं 'नास्तिक' म्हणत आलो. ते चुकलंच माझं.

'देव नाही' असं ठामपणे म्हणतो तो नास्तिक. (आपल्या दर्शनांत मात्र वेद प्रमाण न मानणारा तो नास्तिक, म्हणून निरीश्वर सांख्यही आस्तिकांत मोजतात.) 'आहे की नाही, हे जाणायला साधन नाही' म्हणतो तो अज्ञेयवादी. त्यासाठीचा इंग्रजी शब्द १८६९ साली थॉमस हक्स्ले यांनी घडवला. त्यांचाही लहानगा मुलगा १८६० मध्ये तापाने गेला होता. धर्मोपदेशक मित्र किंग्जली यांनी सांत्वनाचं पत्र धाडलं. हक्स्ले यांनी उत्तर दिलं त्याचा आशय असा, की दिलासा मिळतो एवढ्यासाठी मी पुराव्याविना काही मानणार नाही.

बँकेत ताळा न लागलेली रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात ठेवत असू. ती नाकारलेली नसे, कुणाच्या नावे जमाही नसे. अज्ञेयवाद्याचं तसंच.

माणसं मानेनाशी का होतात? कुणाला पुरावा हवा असतो, कुणी भोंदू बुवा पाहून विटतो, कुणी दुःखाने पोळतो. यंदा दादांना सरळ विचारलं, "देव नाहीच, असं वाटतं का?"

"तसं नाही रे. मला कळत नाही, एवढंच."

सप्ताहाच्या सांगतेचा प्रसाद घेऊन दत्तजयंतीला मीच त्यांच्याकडे जाणार आहे. वाद घालणार नाही. भक्ताने कुणावर शिक्का मारू नये, आधी विचारावं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!