बांधावरचे गाजर गवत



पवना, इंद्रायणीच्या पात्रात जलपर्णी साचली की वर्तमानपत्रांत फोटो येतात, गावोगाव ओरड होते. ती व्हायलाच हवी. पण तोच माणूस स्वतःच्या बांधावरचे गाजर गवत पाहून म्हणतो, "उसात कुठं आहे? बांधावरच तर आहे, काय बिघडतंय?" लोणावळ्याच्या वाटेवर फुललेली घाणेरी तर आपल्याला शोभेची वाटते. इंग्रजांच्या काळात ती शोभेसाठीच आणली होती. आज जिथे तिची जाळी माजते तिथे गुरांना चारा उरत नाही.

गाजर गवताची नोंद पुण्यात १९५५ च्या सुमारास झाली. बी अमेरिकेच्या गव्हातून आले असे सांगतात. म्हणून काहीजण म्हणतात, "सरकारनं आणलं, सरकारनं काढावं." या वादात सत्तर वर्षे गेली आणि गवत पिकत राहिले. एका झाडाला दहा हजारांवर बी येते, ते वाऱ्याने, पाटाच्या पाण्याने आणि शेणखतातून थेट सरीत उतरते.

आता हवामानाचीही त्याला साथ आहे. ओल मिळेल तेव्हा हे गवत उगवते. त्यामुळे लांबलेला परतीचा पाऊस किंवा एखादी अवकाळी सर म्हणजे नवी पिढी. हवेतला कर्बवायू १९५८ साली दशलक्षात ३१५ भाग होता, आता ४२० च्या पुढे आहे. ऊस मुळातच कर्बवायू चांगला पकडतो, त्याला वाढीव वायूचा फायदा थोडा. गाजर गवताला मात्र तो चांगलाच मानवतो.

त्रास सोसतात त्या भांगलणीच्या बाया. अंगाला खाज, पुरळ, काहींना दमा. मजूर मिळत नाहीत म्हणून तक्रार करणाऱ्याने आधी आपला बांध पाहावा.

उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलते, तेव्हा महिन्यातून एक फेरी पुरे. ओल असताना, फुलापूर्वी, मुळासकट उपटावे. हातमोजे नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. फुलापूर्वीचे गवत कंपोस्टला चालते, फुलावरचे खड्ड्यात टाकू नये. मिठाचे पाणी पडीक जागेवर चालते, उसाच्या बांधावर नको, जमीन खराब होईल. पावसाळ्यात पानांवर काळ्या रेघांचे पांढुरके भुंगेरे दिसले तर तिथे औषध मारू नका. हे मेक्सिकन भुंगेरे १९८४ पासून आपल्या देशात मुद्दाम सोडले आहेत, ते हे गवतच खातात.