चिरेखाणीत बोटे गेली. भरपाई कोण देणार?

प्रश्न : माझा भाऊ (वय 35) राजापूर तालुक्यातल्या चिरेखाणीवर होता. फेब्रुवारी 2025 मध्ये चिरे कापायच्या मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे तुटली. पगार 18 हजार. मालक म्हणतो, ‘त्याला मुकादमाने आणलेला.’ दहा हजार हातावर ठेवून कागदावर सही घेतली. आता काही मिळेल का?

उत्तर : मिळेल, आणि ती कुणाची मेहरबानी नव्हे. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. अपघात त्याआधीचा, म्हणून 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा धरायचा. मुकादमामार्फत आलेल्या कामगाराचीही जबाबदारी खाणमालकावर येते. हक्क सोडल्याची सही कायद्यापुढे टिकत नाही.

हिशेब असा : पगार कितीही असो, मर्यादा 15 हजारांची. त्याचे 60 टक्के 9 हजार, गुणिले वय 35 चा गुणक 197.06, म्हणजे 17,73,540. एका हाताची दोन बोटे पूर्ण गेल्यास परिशिष्टात 20 टक्के धरतात : 3,54,708 रुपये. बोट अर्धवट तुटले असेल तर टक्केवारी घटते, तेव्हा डॉक्टरांचा दाखला नीट घ्या. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, शिवाय दंडही लागू शकतो.

भाऊ ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल, तर मात्र दावा तिकडेच. नसेल तर अपघातापासून दोन वर्षांच्या आत कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे अर्ज करा. डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, हजेरीच्या वहीचा मोबाइलवर काढलेला फोटो, सोबत काम करणाऱ्याचे नाव, सगळे जपा. परप्रांतीय साथीदार पावसाळ्यात गावी जातात. त्यांचा पत्ता आजच लिहून ठेवा.