पडत्या काळांत संस्थेचें पुढारीपण : डेन्मार्कच्या दूध-संस्थांचा धडा

भाव कोसळला, जुनी बाजारपेठ हातची गेली, म्हणजे शेतकऱ्यांच्या संस्थेपुढें दोन मार्ग उरतात. जुना भाव कोणीतरी परत आणून देईल म्हणून वाट पाहणें हा एक. आणि धंदाच नव्या पायावर उभारणें हा दुसरा. दुसरा मार्ग बोलण्यास सोपा व आचरण्यास कठीण आहे. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनीं तो कसा आचरिला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

डेन्मार्कचा शेतकरी पूर्वी मुख्यतः धान्य परदेशीं विकून जगत असे. १८७० नंतर आगगाड्या व आगबोटी यांच्या योगानें अमेरिका व रशिया येथील स्वस्त धान्य युरोपच्या बाजारांत लोटूं लागलें आणि भाव घसरले. जर्मनीनें १८७९ सालीं परदेशी धान्यावर जकात बसविली. डेन्मार्कनें मात्र आयात खुली ठेविली. जें स्वस्त धान्य मुळावर आलें होतें, तेंच गुरांस चारून लोणी विकण्याचा मार्ग तेथील शेतकऱ्यांनीं धरिला.

परंतु लोण्यास चांगला भाव मिळे तो मोठ्या जमीनदारांच्या. चार-सहा गाई बाळगणाऱ्यांचें लोणी घरोघरीं निराळें; एकाचें खारट, तर दुसऱ्याचें खवट. साहजिकच व्यापारी तें हलक्या भावानें उचली. १८७८ सालीं स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यानें दुधांतून साय सतत वेगळी काढणारें यंत्र सिद्ध केलें. त्यामुळें अनेक घरचें दूध एकत्र करून एकसारखें लोणी काढणें शक्य झालें. एकट्या लहान शेतकऱ्यास हें यंत्र परवडणारें नव्हतें. तेव्हां १८८२ सालीं पश्चिम जटलंडमधील येडिंग येथील शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन स्वतःची सहकारी दूध-संस्था काढिली. पुढील आठ-दहा वर्षांत अशा शेंकडों संस्था उभ्या राहिल्या.

यंत्र तर जमीनदारासही विकत घेतां येत होतें. मग लहान शेतकऱ्यांची सरशी कां झाली? याचें उत्तर संस्थांच्या नियमांत आहे.

पहिला नियम असा कीं, मत माणसास, गाईस नव्हे. दोन गाईंचा मालक व चाळीस गाईंचा मालक यांचें मत सारखेंच. त्यामुळें संस्था आपलीच आहे, असा विश्वास लहानांस वाटला.

दुसरा नियम कडक होता. घरखर्चापुरतें ठेवून बाकीचें सर्व दूध ठरलेल्या मुदतीपर्यंत संस्थेसच घालावयाचें, आणि कर्जाची जबाबदारी सर्वांनीं मिळून पत्करावयाची. एखाद्या आठवड्यांत व्यापाऱ्यानें चार पैसे अधिक देऊं केले, तरी सभासदास तिकडे वळण्याची मोकळीक नव्हती. ही किंमत थोडी नव्हे. पण ती दिल्यावांचून यंत्राचा खर्च निघालाच नसता.

तिसरा नियम मोबदल्याचा. नफा ज्यानें जितकें दूध घातलें त्या प्रमाणांत वांटला जाई. आरंभीं दूध केवळ वजनावर घेत; त्यांत पाणी घालणाराचा लाभ व प्रामाणिक माणसाचा तोटा होई. पुढें एन. जे. फ्योर्ड या संशोधकानें सायीचें प्रमाण मोजण्याची रीत काढिली, आणि दुधाचा कस पाहून पैसे देतां येऊं लागले. आपल्याकडील दूध-संस्थाही आज स्निग्धांश पाहूनच भाव देतात.

हा पाया पक्का झाल्यावर पुढील संकटें झेलणें सोपें गेलें. साय काढलेलें दूध सभासदांस परत मिळे, त्यावर ते डुकरें पोशीत. १८८७ सालीं जर्मनीनें डेन्मार्कच्या जिवंत डुकरांस बंदी केली. त्याच सालीं हॉर्सेन्स येथें सहकारी कारखाना निघाला व खारविलेलें मांस इंग्लंडास जाऊं लागलें. १८९५ सालीं स्थापन झालेल्या अंडी-निर्यात संघानें तर प्रत्येक अंड्यावर उत्पादकाचा क्रमांक उमटविण्याची पद्धत घातली. नासकें अंडें कोणाचें, हें लगेच कळे.

नव्या कल्पनेस बळ येतें तें तिच्याभोंवतीं घातलेल्या शिस्तीमुळें, हा यांतील बोध होय. आपल्या संस्था यंत्रें घेण्यास मागें राहत नाहींत. परंतु बाहेर भाव चढला कीं पहिल्यानें मोठा सभासदच माल बाहेर घालतो, आणि तोटा मात्र लहानाच्या वांट्यास येतो. तेव्हां नव्या यंत्राचा ठराव वार्षिक सभेपुढें येईल, त्या वेळीं सभासदांनीं तीन गोष्टी विचाराव्या. माल संस्थेसच घालण्याचें बंधन सर्वांवर सारखें आहे काय? मालाचा कस कोण, कसा मोजणार? आणि तोटा आल्यास तो कोणी सोसावयाचा? यांचीं उत्तरें कागदावर उतरल्यावरच यंत्रास पैसे द्यावे.